नवीन फिश टँकमधलं पाणी गढूळ का होतं आणि काय करायचं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीत कोणी नवीन टँक लावला की साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला फोन येतो, आणि वाक्य ठरलेलं असतं, "अरे पाणी पांढरं झालंय, काय टाकू?" ह्यातला पांढऱ्या पाण्याचा भाग सोपा आहे, "काय टाकू" हा भाग डोकेदुखी, कारण बहुतेक वेळा उत्तर "काही नको टाकू" असं असतं आणि ते ऐकून समोरचा नाराज होतो. म्हणून तेच तेच प्रश्न एकत्र लिहून ठेवतोय. सगळं गोड्या पाण्याच्या, घरातल्या दीड-दोन-तीन फुटी टँकबद्दल आहे, समुद्री टँकचं गणित वेगळं, त्यात मी पडत नाही.

गढूळ पाणी सगळं एकच असतं ना?

नाही, आणि पहिली चूक इथेच होते. एक साधा काचेचा ग्लास घ्या, टँकमधलं पाणी भरा आणि मागे पांढरा कागद धरा. टँकमध्ये लाईट असतो, मागे निळं पोस्टर चिकटवलेलं असतं, त्यात खरा रंग कळतच नाही. ग्लासात तांदळाच्या धुवणासारखं दिसलं तर एक कारण, राखाडी-मातकट दिसलं तर दुसरं, हिरवट असेल तर तिसरं आणि कोऱ्या चहासारखं पण आरपार दिसत असेल तर ते गढूळ नाहीच, नुसता रंग आहे.

मग तो ग्लास रात्रभर ओट्यावर ठेवून द्या, हलवू नका. सकाळी तळाला गाळ बसला आणि वर पाणी नितळ झालं तर ती धूळ. रात्रभर ठेवूनही तसंच धुरकट राहिलं तर ते जिवंत काहीतरी आहे, म्हणजे बॅक्टेरिया किंवा शेवाळ. (घरात आधी सांगून ठेवा, आमच्याकडे आईने तो ग्लास सकाळी तुळशीत ओतला होता. तुळस मजेत आहे.)

टँक भरल्या भरल्याच पाणी मातकट झालं, अजून मासे पण नाही टाकलेत

खडे नीट धुतले नाहीत, दुसरं काही नाही. पिशवीवर "प्री-वॉश्ड" लिहिलेलं असलं तरी धुवायचे. बादलीत थोडे थोडे खडे घ्या, तांदूळ धुतो तसे हाताने चोळा, पाणी ओता, परत भरा, आणि वरचं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत करत राहा. आठ-दहा वेळा सहज होतं, वाळू असेल तर त्याहून जास्त, कंबर मोडते पण एकदाच मोडते. साबण, डिशवॉश, फिनेल काहीही लावायचं नाही, नुसतं पाणी.

आता टँक भरून झालाच असेल तर रिकामा करायची गरज नाही. फिल्टर चालू ठेवा, स्पंजच्या पुढे फिल्टरचा पांढरा कापूस लावा (दुकानात फिल्टर वूल म्हणून मिळतो तो, मेडिकलमधला नाही), एक-दोन दिवसांत धूळ त्यात अडकते, तो कापूस फेकून नवीन लावा. आणि पुढच्या वेळी पाणी ओतताना खड्यांवर एखादी ताटली किंवा प्लॅस्टिकची पिशवी पसरा आणि तिच्यावर धार सोडा, म्हणजे तळ उसळत नाही.

खड्यांवरून आठवलं. संगमरवराचे पांढरे तुकडे, शंख-शिंपले, कोकणातून आणलेली किनाऱ्यावरची वाळू, हे सगळं पाण्यात हळूहळू विरघळतं आणि पाणी जड होतं, म्हणजे त्यात क्षार वाढतात, आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा, जितका जास्त तितकं आम्ल कमी) वर जातो. ओळखायला सोपं, दोन-चार खड्यांवर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका, बुडबुडे फेसाळले तर तो खडा नको. भडक निळे-गुलाबी स्वस्त खडे असतात त्यांचा रंगच पाण्यात उतरतो कधीकधी, ते बादलीत एक दिवस भिजवून बघा आधी.

पहिले दोन दिवस पाणी आरशासारखं होतं आणि तिसऱ्या दिवशी अचानक दुधाळ. आम्ही तर काहीच केलं नाही!

हाच तो मुख्य प्रश्न, बाकी सगळे ह्याची पिल्लं आहेत.

नवीन टँक म्हणजे रिकामी जागा. त्यात तुम्ही खाणं टाकता, मासे घाण करतात, नवीन लाकडातून आणि झाडांच्या कुजलेल्या पानांतून काय काय सुटतं. ह्या विरघळलेल्या खाऊवर जगणारे बॅक्टेरिया हवेत, पाण्यात सगळीकडे असतातच, त्यांना इथे आयतं जेवण मिळतं आणि स्पर्धेला कोणी नसतं. चांगली परिस्थिती मिळाली तर हे तासाभरातसुद्धा दुप्पट होऊ शकतात, म्हणून काल रात्री स्वच्छ असलेलं पाणी आज संध्याकाळी ताकासारखं दिसतं. तुम्हाला जे पांढरं दिसतंय ती घाण नाही, ते कोट्यवधी बॅक्टेरिया पाण्यात तरंगताना दिसतायत.

खाऊ संपला की ते आपोआप कमी होतात. कधी दोन-तीन दिवसांत, कधी आठवडा, फार तर दोन आठवडे. त्यासाठी काही विकत आणावं लागत नाही.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. हे पांढरं करणारे बॅक्टेरिया आणि टँकला जे "चांगले" बॅक्टेरिया लागतात ते वेगळे. चांगले म्हणजे माशांच्या घाणीतून तयार होणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे. ते पाण्यात तरंगत नाहीत, ते स्पंजवर, खड्यांवर, काचेवर चिकटून राहतात, आणि वाढतात अतिशय संथ, दुप्पट व्हायला साधारण एखादा दिवस घेतात. जुन्या पुस्तकांत नायट्राइट खाणारा म्हणून नायट्रोबॅक्टरचं नाव असायचं, १९९८ मध्ये एका अभ्यासात दिसलं की गोड्या पाण्याच्या टँकमध्ये हे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा जातीचे बॅक्टेरिया करतात. नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल, संथपणा लक्षात ठेवा. ह्यांची वस्ती पूर्ण बसायला चार ते सहा आठवडे लागतात, ह्यालाच टँक सायकल होणं म्हणतात.

विरजण लावल्यासारखं आहे हे. दूध कोमट, विरजण चांगलं, भांडं एका जागी, आणि मग थांबायचं. दर तासाला झाकण काढून चमचा फिरवला तर दही लागणार कसं? नवीन टँकमध्ये आपण सगळे तोच चमचा फिरवत असतो.

मग सगळं पाणी काढून टँक धुवून परत भरू का? एकदाचं स्वच्छ तरी होईल

नको नको नको. हे मी स्वतः केलंय म्हणून सांगतोय. माझा पहिला टँक दोन फुटी, आत सहा गोल्डफिश, तिसऱ्या दिवशी पाणी पांढरं, मी घाबरून सगळं काढलं, खडे धुतले, स्पंज नळाखाली खळखळून धुतला, परत भरलं. दोन दिवस स्वच्छ, मग परत पांढरं. परत तेच. दहा दिवसांत चार वेळा टँक उपसला, पाठ गेली, बाथरूममध्ये खडे अडकले ते वेगळंच, आणि बाराव्या दिवशी सहापैकी दोन मासे उरले. ज्या दुकानातून आणले होते तिथला माणूस म्हणाला "मासे नाजूक होते", आणि सहा नवीन दिले. मी घेतले पण!

काय होत होतं ते नंतर कळलं. दर वेळी मी जे थोडेफार चांगले बॅक्टेरिया बसायला लागले होते ते धुवून टाकत होतो, वर नळाच्या ताज्या पाण्यातलं क्लोरीन उरलेल्यांना मारत होतं, आणि पांढरे वाले तर काय, दोन दिवसांत परत हजर. म्हणजे ज्यांना घालवायचं ते राहत होते आणि ज्यांना ठेवायचं ते जात होते.

टँकमध्ये मासे आधीच आहेत. त्यांना काही होणार नाही ना?

पांढऱ्या रंगाने काही होत नाही, त्याच्यासोबत जो अमोनिया वाढत असतो त्याने होतं, आणि अमोनिया डोळ्याला दिसत नाही. त्यामुळे एक अमोनियाचं टेस्ट किट घ्या, थेंबांचं, ट्यूबमध्ये रंग बदलतो तसलं. जमलं तर नायट्राइटचं पण. नवीन टँकवर खर्च करायचाच असेल तर रंगीत किल्ले आणि बुडबुडे सोडणाऱ्या पेटीपेक्षा हे घ्या.

अमोनिया किती घातक हे पीएचवर ठरतं. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ ला तोच ५ टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे जवळपास दहापट. म्हणूनच बोअरच्या जड पाण्यात एकाचे मासे मरतात आणि शेजारच्याचे तेवढ्याच घाणीत जगतात, आणि मग दोघांची भांडणं, की तुझी पद्धत चूक माझी बरोबर.

अमोनिया किंवा नायट्राइट किटमध्ये दिसायला लागलं की रोज किंवा एक दिवसाआड २० ते २५ टक्के पाणी बदला, क्लोरीन काढलेलं, टँकच्याच तापमानाचं. हा पाणी बदल माशांसाठी आहे, पांढरेपणा घालवण्यासाठी नाही, त्यामुळे बदलल्यावर अजून पांढरंच आहे म्हणून परत बदलू नका. नायट्राइट वर गेलं असेल तर १० लिटरला १ ग्रॅम साधं मीठ मदत करतं, मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

टँकमध्ये किती लिटर पाणी आहे हे कसं काढायचं हे पण विचारतात. लांबी, रुंदी, उंची इंचात मोजा, गुणाकार करा, ६१ ने भागा. २ फूट बाय १ बाय १ म्हणजे २४ × १२ × १२ भागिले ६१, साधारण ५६ लिटर, त्यातून खडे आणि वरची रिकामी जागा वजा, म्हणजे खरं पाणी ४५-४८.

मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत, भूक लागली का?

भूक नाही, दम लागलाय! हे अर्जंट आहे. पांढरे बॅक्टेरिया स्वतः ऑक्सिजन खातात, आणि गरम पाण्यात आधीच ऑक्सिजन कमी मावतो, २५ अंशाला लिटरमध्ये सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास तर ३० अंशाला साडेसात. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे टँकचं पाणी ३२ च्या वर पण जातं, नागपूर-अकोल्याकडे तर बोलायलाच नको. ताबडतोब एअर पंप लावा, नसेल तर फिल्टरचं तोंड वर करा म्हणजे पृष्ठभाग हलेल, झाकण उघडा, लाईट बंद करा, थोडं पाणी बदला. खाणं अजिबात नाही. बर्फाचे तुकडे सरळ टँकमध्ये टाकू नका, एकदम तापमान उतरलं तर तो वेगळा धक्का.

हवा देऊनही तसेच वर राहिले तर अमोनिया तपासा, कल्ले जळले की पण मासे असेच करतात.

दुकानदाराने निळं औषध दिलंय, रोज दहा थेंब टाका म्हणाला

निळं म्हणजे बहुतेक मेथिलीन ब्लू. ते बुरशीवर, अंड्यांवर, आजारी माशाला वेगळ्या भांड्यात ठेवून द्यायचं औषध आहे. गढूळ पाण्याशी त्याचा काही संबंध नाही, उलट फिल्टरमधल्या चांगल्या बॅक्टेरियांना ते घातक, आणि टँकच्या कोपऱ्यातलं सिलिकॉन कायमचं निळं करून जातं. माझ्या जुन्या टँकचे कोपरे अजून निळे आहेत.

"वॉटर क्लिअर" वाल्या बाटल्या वेगळ्या. त्या बारीक कणांचे गोळे बनवतात म्हणजे ते फिल्टरमध्ये अडकतात. धुळीवर त्या बऱ्यापैकी चालतात. बॅक्टेरियांवर दोन दिवस चालल्यासारखं वाटतं आणि परत पांढरं, कारण खाऊ तिथेच आहे. दुप्पट डोस टाकला तर तो चिकटपणा कल्ल्यांवर बसतो, त्यामुळे "अजून थोडं टाकून बघू" हे नको.

तिसरी, बॅक्टेरियाची बाटली. काही चालतात, काही महिनोन्‌महिने उन्हातल्या शेल्फवर पडून मेलेल्या असतात, बाहेरून कळत नाही. त्यापेक्षा फुकटचा आणि खात्रीचा उपाय सांगतो, ज्याचा टँक सहा महिने नीट चाललाय, मासे निरोगी आहेत, अशा ओळखीच्या माणसाकडून त्याच्या फिल्टरमधला जुना, मळका स्पंजाचा तुकडा आणा. त्याच टँकच्या पाण्यात बुडवून पिशवीत आणायचा, वाळू द्यायचा नाही, आणि आल्या आल्या आपल्या फिल्टरमध्ये घालायचा. विरजण म्हणतात ते हेच. सहा आठवड्यांचं काम दोन आठवड्यांवर सुद्धा येतं कधीकधी. नुसतं जुन्या टँकचं पाणी आणून काही होत नाही, चांगले बॅक्टेरिया पाण्यात नसतात, वर सांगितलंय.

तुरटी फिरवली तर? गावाला पावसाळ्यात हंड्यात फिरवतोच की

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण तर्क बरोबर आहे. जलशुद्धीकरण केंद्रात पण तुरटीच्याच जातीचं रसायन वापरतात, गाळ खाली बसवायला. पण हंड्यात मासे नसतात हो. तुरटीने पाण्याचा पीएच उतरतो, मऊ पाण्यात तर भसकन, आणि आम्लधर्मी पाण्यात सुटलेलं ॲल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना मारक. टँकमध्ये तुरटी नाही. पावसाळ्यात नळालाच गढूळ पाणी येत असेल तर ते बादलीत एक दिवस निवळू द्या, वरचं वरचं वापरा, तेवढं पुरे.

पाणी कुठलं वापरायचं? नळाचं, बोअरचं, आरओचं?

नळाचं, क्लोरीन काढून. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं असं आहे, म्हणजे क्लोरीन असणारच, ते आपल्यासाठी चांगलं आहे आणि बॅक्टेरियांसाठी मरण. बादली उघडी ठेवून २४ तास, आत एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा बुडबुडे सोडणारा खडा) सोडला तर त्याहून लवकर, क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर अँटीक्लोरीन, म्हणजे ते हायपोचे खडे किंवा थेंब, सोडियम थायोसल्फेट असतं त्यात. काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन असतं, ते बादलीत ठेवून उडत नाही, त्याला औषधच लागतं.

सोसायटीत राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, ज्या दिवशी वरची टाकी धुतात त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस पाणी बदलू नका, ब्लीचिंग पावडर टाकलेली असते. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की पण सावध, आजचा टँकर एका विहिरीचा आणि उद्याचा दुसरीकडचा, पाणी प्रत्येक वेळी वेगळं.

बोअरचं चालतं, पण ते जड असतं, मोली, गप्पी, प्लॅटीला उलट आवडतं, निऑन टेट्राला नाही. काही बोअरमध्ये लोह असतं, बादलीत ठेवल्यावर तांबूस गाळ बसतो, तसलं असेल तर गाळ बसू द्या मगच घ्या. आणि नुसतं आरओचं पाणी भरणारे पण भेटलेत मला, २० लिटरचे जार विकत आणून! त्यात क्षार जवळपास नसतातच, त्यामुळे पीएच सांभाळणारं काही उरत नाही, एखाद दिवशी धाडकन खाली येतो, आणि पीएच ६ च्या खाली गेला की चांगले बॅक्टेरिया पण सुस्तावतात. अर्धं आरओ अर्धं नळाचं, ते ठीक.

नळाचं पाणी बादलीत पडतानाच पांढरं दिसत असेल आणि मिनिटभरात खालून वर नितळ होत गेलं तर ते पाइपच्या दाबाने मिसळलेले हवेचे बुडबुडे, विसरून जा.

रात्री फिल्टर बंद करतो, आवाज येतो झोपेत. चालेल ना?

नाही. फिल्टर २४ तास. चांगले बॅक्टेरिया त्या स्पंजवर राहतात आणि त्यांना वाहत्या पाण्यातून ऑक्सिजन लागतो, रोज रात्री आठ तास बंद म्हणजे रोज सकाळी नव्याने सुरुवात. आवाज येत असेल तर टँकखाली थर्माकोलची शीट आणि मोटरची रबरी बटणं तपासा.

लाईट जात असेल तर बॅटरीवरचा छोटा एअर पंप ठेवा घरात, लोडशेडिंगच्या गावात तो टँकसोबतच घ्यायचा. बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर दहा-बारा तास बंद राहिला तर आतलं सडकं पाणी सरळ टँकमध्ये सोडू नका, उघडून वास घ्या, टँकच्या पाण्यात स्पंज हलकेच पिळा, मग चालू करा.

स्पंज मग धुवायचाच नाही?

धुवायचा, पण टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, दोनदा पिळून बस. नळाखाली नाही. पहिले चार-सहा आठवडे तर पाण्याचा प्रवाह अडल्याशिवाय हात लावू नका. मळका दिसतोय म्हणून धुणं ही आपली स्वयंपाकघरातली सवय आहे, इथे तो मळच कामाचा.

खाणं किती टाकायचं?

दोन मिनिटांत संपेल एवढं, दिवसातून एकदा. पाणी पांढरं असताना एक दिवसाआड. मासे थंड रक्ताचे, मोठे मासे चार-पाच दिवस उपाशी राहिले तरी त्यांना काही होत नाही.

खरी अडचण घरातली माणसं. सकाळी आजोबा टाकतात, दुपारी आजी "बिचारे बघतायत" म्हणून, संध्याकाळी मुलं शाळेतून आल्यावर मूठभर, आणि मासा तर कायम भुकेलाच दिसतो, तो काचेजवळ येऊन नाचला म्हणजे उपाशी असं नाही. आमच्याकडे मी शेवटी गोळ्यांचा डबा लपवला आणि सात दिवसांच्या सात पुड्या बांधल्या, औषधाच्या बांधतात तशा. पुडी संपली म्हणजे आजचं जेवण झालं. त्यानंतर पाणी कधी पांढरं झालं नाही. पोळीचे तुकडे, भात, बिस्किटं नाही टाकायची, हे पण सांगावं लागतं.

दोन फुटात किती मासे चालतील? वास्तूप्रमाणे आठ सोनेरी आणि एक काळा ठेवायचाय

वास्तूचं तुम्ही आणि तुमचे गुरुजी बघा, पण नऊ गोल्डफिश ५० लिटरात म्हणजे दोन खोल्यांच्या घरात लग्नाचं वऱ्हाड उतरवल्यासारखं. गोल्डफिश खातात भरपूर आणि घाण त्याहून भरपूर, आणि नीट वाढले तर वीतभर सहज होतात. नऊच हवेत तर छोटे मासे घ्या, गप्पी घ्या. आपल्याकडे डासांच्या अळ्या खायला विहिरीत, हौदात सोडतात ते हेच, काटक असतात, आणि नवीन टँकला काटकच मासे हवेत.

पाणी साफ करायला सकर फिश टाकू का?

सकर पाणी साफ करत नाही, काचेवरचं शेवाळ चाटतो थोडंफार आणि स्वतः मोठाली घाण करतो. शिवाय फूट-सव्वा फुटाचा होतो. नको.

पाणी हिरवं झालंय

उन्हाची तिरीप पडतेय का बघा, खिडकीसमोरचा टँक हमखास हिरवा होतो. हे तरंगतं शेवाळ आहे, लाईट आणि खत जास्त झालं की येतं. तीन-चार दिवस टँक जाड चादरीने पूर्ण झाका, लाईट बंद, एअर पंप चालू, मग मेलेलं शेवाळ कुजायच्या आत ३० टक्के पाणी बदला. नंतर लाईट सहा तासांच्या वर नको. पैसे असतील तर यूव्ही लाईटचा फिल्टर ह्यावर जालीम आहे. पांढऱ्या पाण्यावर पण तो चालतो, पण आठवड्याने आपोआप जाणाऱ्या गोष्टीसाठी कशाला.

कोऱ्या चहासारखं

लाकूड ठेवलंय ना आत? त्याचा रंग आहे, माशांना त्रास नाही. नको असेल तर लाकूड उकळा किंवा आठ-दहा दिवस बादलीत पाणी बदलत भिजवा, ॲक्टिव्हेटेड कार्बन पण रंग ओढून घेतो.

मासे न टाकता टँक तयार करता येतो का?

येतो, आणि खरं म्हणजे असाच करावा, पण कोणी करत नाही कारण मुलांना मासे आजच हवे असतात. पद्धत अशी, टँक, फिल्टर सगळं चालू करून पाण्यात अमोनिया आपणच द्यायचा, लिटरला २ मिलिग्रॅम. शुद्ध अमोनियम क्लोराइड वापरतात, म्हणजे आपला नवसागर, पण कल्हईवाल्याकडचा नको, त्यात काय काय मिसळलेलं असतं, लॅब ग्रेडचा आणा. ५६ लिटरला साधारण ०.३५ ग्रॅम, चिमूटभरच झालं. रोज किट लावत राहा, अमोनिया उतरतो, नायट्राइट चढतं, मग तेही उतरतं, आणि टाकलेला २ मिलिग्रॅम अमोनिया २४ तासांत पूर्ण गायब होऊन नायट्राइट पण शून्य आलं की टँक तयार. मग मोठा पाणी बदल करून मासे. ह्यात पण मध्ये पाणी पांढरं होऊ शकतं, पण आत कोणी नसल्यामुळे तुमचा जीव टांगणीला लागत नाही, एवढाच फरक.

तीन महिने छान चाललं आणि आता परत पांढरं झालं

काहीतरी बिघडवलंय किंवा काहीतरी मेलंय. मासे मोजा, लाकडाखाली आणि फिल्टरमागे बघा, गोगलगायी पण बघा. सगळे जिवंत असतील तर आठवा, स्पंज नळाखाली धुतला का, कामवाल्या मावशींनी "किती घाण झालंय" म्हणून पूर्ण टँक चकचकीत केला का, औषध टाकलं का, पाहुण्यांची मुलं आली होती आणि अर्धा डबा रिकामा झालाय का. कारण सापडलं की तसंच, कमी खाणं, थोडं थोडं पाणी बदलणं आणि थांबणं.

पाणी आता एकदम काचेसारखं झालंय. रविवारी कुर्ल्याला जाऊन सगळे मासे एकदम घेऊन येऊ?

पाणी नितळ झालं म्हणजे पांढऱ्यांचं जेवण संपलं एवढंच, चांगल्यांची वस्ती बसली असं नाही. आधी किट लावा, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसतंय असं सलग तीन-चार दिवस आलं पाहिजे. मग जा, पण दोन-तीनच आणा, आठवडाभर थांबा, परत किट लावा, मग पुढचे. पिशवी टँकमध्ये वीसेक मिनिटं तरंगत ठेवा, मासा जाळीने काढून टँकमध्ये सोडा, आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओता, टँकमध्ये नाही.